चौकटीवर चिकटवलेले वचन

आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत नववर्षाच्या पहिल्या सकाळी वचन काढण्याची चाल होती. उपासना संपली की दानाचे पितळी तबक रिकामे करून त्यात शास्त्रातील वचनांच्या घडी घातलेल्या चिठ्ठ्या ठेवल्या जात आणि प्रत्येक घरचा कर्ता पुरुष डोळे मिटून त्यांतील एक उचलत असे. जी चिठ्ठी हाती येई, ते त्या घराचे त्या वर्षाचे वचन. कोणाला धीराचे येई, कोणाला भरल्या कणगीचे, कोणाला लेकराबाळांचे. लोक ते तोंडपाठ करीत, लग्नाच्या पत्रिकेवर छापीत, नव्या बैलगाडीच्या फळीवर रंगवून घेत. ही चाल कोणी सुरू केली हे मला निश्चित सांगता येणार नाही. गोऱ्या साहेबांनी म्हणावे, तर ते या चिठ्ठ्यांना गालातल्या गालात हसत. माझे स्वतःचे मत असे की, केळापूरच्या देवीपुढे कौल मागताना आमच्या पणजोबांच्या बोटांना जी सवय जडली होती, तीच पुढे नव्या तबकात उतरली. हे मत मी त्या काळी बोलून दाखविले नाही. आज वयाने व व्यवसायाने मला तो अधिकार आहे.

व्यवसायाने मी अर्जनवीस आहे. तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर, चिंचेखाली, माझे मेज उभे असते आणि या तालुक्यात ज्याचे काही अडले आहे असा मनुष्य उशिरा का होईना, माझ्यासमोर येऊन उकिडवा बसतो. सातवीच्या परीक्षेला मी बसलो होतो. निकालाविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. ज्यांनी पुढच्या परीक्षा दिल्या, तेही आपले अर्ज माझ्याकडूनच लिहून नेतात. सांगायचे ते इतकेच की, अर्जाचा प्राण कारणात असतो. ‘कारण की’ या दोन शब्दांच्या पुढे मनुष्य काय मांडतो, यावर साहेबाचा शेरा ठरतो. आणि कारण मांडण्याची ही विद्या मी कोणत्याही कचेरीत शिकलो नाही. ती मला माझ्या वडिलांकडून मिळाली.

वडिलांना सारा गाव ‘याकोब मास्तर’ म्हणे. मिशनची शाळा बंद पडल्यावर ते गावच्या जिनात, सरकी आणि रुई वेगळी करण्याच्या कारखान्यात, कापसाच्या काट्यावर बसू लागले होते, तरी मास्तरकी सुटली नव्हती. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यवतमाळहून येत. उरलेले रविवार बाबा सांभाळीत. जेमतेम वीस-बावीस घरांची ती मंडळी, पण बाबा उभे राहिले की मातीच्या त्या प्रार्थनाघराला उंची येई. त्यांच्याजवळ प्रत्येक दुःखाचे कारण तयार असे. कोणाचा बैल मेला, कोणाच्या वावरात बोंडे किडली, कोणाची सून नांदेना, की बाबा थोडे डोळे मिटीत आणि मग शुद्ध पुस्तकी भाषेत ते का घडले हे सांगत. घरात ते आमच्यासारखेच वऱ्हाडी बोलत. पण देवाविषयी बोलायचे झाले की त्यांच्या तोंडची बोली इस्त्री करून बाहेर पडे. लूकसकाकांची बायको बाळंतपणात गेली तेव्हा बाबांनी त्यांना सांगितले होते की, नवरात्रात तू केळापूरच्या यात्रेला गेला होतास, कारणाशिवाय परमेश्वर हात उचलीत नाही. लूकसकाकांनी मान खाली घालून ते ऐकून घेतले होते. जिनातल्या रहमान मिस्त्रीची दोन बोटे सरकी काढण्याच्या चरख्यात गेली तेव्हा, रविवारी यंत्र चालविण्याचे हे फळ, असे बाबा त्याला म्हणाले. रहमानचाचा हाताला फडके गुंडाळून बसला होता. तो म्हणाला, “मास्तर, आमचा त जुम्मा असते. अल्लामिया तुमच्या आयतवारची रखवाली कायले करन?” जमलेले सारे हसले. बाबा हसले नाहीत.

आमचे घर जिनाच्या भिंतीला लागून होते. हंगामात पहाटेपासून इंजिनाची ढकढक सुरू होई आणि आमच्या मातीच्या भिंतीला कान लावला की ती छातीतल्या ठोक्यासारखी ऐकू येई. रुईचे तंतू घरभर तरंगत. वरणात पडत, पाण्याच्या गुंडीवर साय धरल्यासारखे जमत, बाबांच्या भुवयांवर बसून त्यांना वेळेआधी म्हातारे करीत. आई परातीवर पदर धरून भाकरी थापी. सकाळी ज्वारीच्या कण्या आणि ताक, दुपारी भाकर व अंबाडीची भाजी, आणि संध्याकाळी तुरीचे वरण. त्या वरणावर लसणाची फोडणी पडे तिचा चर्रकन होणारा आवाज ही आमच्या घराची सांजप्रार्थनेची घंटाच होती. तो ऐकला की बाबा पुस्तक काढीत.

माझी धाकटी बहीण रूथ तेव्हा सहा वर्षांची असेल. मी सतरा वर्षांचा, मिशनच्या बोर्डिंगातून परत आलेला, मंडळीत मोठ्याने शास्त्र वाचणारा. माझ्या वाचनाची पाळकसाहेबांनीही तारीफ केलेली होती. रूथचे आणि बाबांचे वेगळेच चाले. ती दिवसभर त्यांना ‘काहून’ विचारी. “बाबा, सरकी काळी काहून?” “बाबा, रहमानचाचाच्या तोंडावर गड्डे काहून?” “बाबा, भोंगा रडते काहून?” बाबा एकही प्रश्न रिकामा जाऊ देत नसत. काट्यावरून थकून आलेला हा मनुष्य तिला मांडीवर घेऊन सरकीच्या काळेपणाचे कारण सांगे. ती ऐके आणि दुसरा ‘काहून’ काढी. आई म्हणे, “बापानं कारनं विकाचं दुकान टाकलं आन् पोट्टी एकटीच गिऱ्हाईक.”

त्या वर्षी बाबांच्या हाती जे वचन आले ते असे होते की, कोणतीही मरी तुझ्या घराजवळ फिरकणार नाही. शब्द वेगळे होते, अर्थ हा होता. बाबांनी ते मोठ्याने वाचले आणि मंडळीत आनंदाचा एक हुंकार उठला. कण्यांच्या पेजेची खळ करून बाबांनी ती चिठ्ठी आमच्या दाराच्या चौकटीवर, वरच्या लाकडावर, स्वतः चिकटविली. मिसर देशात इस्राएल लोकांनी आपल्या चौकटींना कोकराचे रक्त लावले होते आणि मृत्यू ती दारे ओलांडून पुढे गेला होता, ही गोष्ट आमच्या घरात सर्वांना पाठ होती. त्यामुळे कोणी काही विचारले नाही. फक्त आईची जाता येता त्या चिठ्ठीकडे पाहण्याची जी रीत होती, ती मला आजही आठवते. घरात पाहुणा आला आहे आणि तो किती दिवस राहणार हे कळत नाही, तसे ती पाहत असे.

पुढे पळस फुलले. कापसाचे शेवटचे गाडे मारेगावच्या बाजूने आले आणि गाडीवानांनी खबर आणली की तिकडे देवी निघाल्या आहेत. आज देवीचा रोग लोकांनी पाहिलेला नाही. माझ्या मेजाशी येणारी तरुण पोरे तो शब्द ऐकून देवळातली देवी समजतात. तेव्हा त्याचे नावही कोणी मोठ्याने घेत नसे. ‘माता आली’ असे म्हणत आणि आवाज खाली आणीत. काही दिवसांनी ती खबर एक गाव पुढे सरकली, मग आणखी एक. त्याच सुमारास जिनाचा हंगाम संपला आणि इंजिन बंद झाले. महिनोन्महिने भिंतीत धडधडणारा तो ठोका एका दुपारी थांबला. रूथने भिंतीला कान लावून पाहिले आणि ती म्हणाली, “बाबा, भिंत मेली काहून?” बाबांनी तिला हंगामाविषयी समजावून सांगितले. त्या शांततेत आता लांबच्या गावची, मातेपुढे वाजणारी डफडी ऐकू येऊ लागली होती. ती रोज वाजत होती आणि रोज थोडी जवळून.

देवीची लस टोचणारे सरकारी टोचणीवाले आले ते सायकलवर, मागे पत्र्याची पेटी बांधून. चावडीपुढे त्यांनी मेज मांडले तशा बायांनी लेकरे लपविली; कोणी कडब्याच्या गंजीत, कोणी कणगीत. आमची शेजारीण पार्वताबाई मात्र नातवाला काखेत मारून सर्वांत पुढे उभी राहिली. त्यांच्या वस्तीने बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन फार काळ लोटला नव्हता. घरातले देव त्यांनी नदीत सोडले होते. कोणी तिला म्हणाले, “पार्वता, मातेचा कोप होईन.” तिने उत्तर दिले, “आमी देवी सोडली बापा. आता सुई तरी घेऊ द्या.” पोराने गावभर ऐकू जाईल असा टाहो फोडला आणि टोचून झाल्यावर त्याला तिने गुळाचा खडा दिला.

टोचणीवाल्यांना वाटले होते की मास्तर शिकलेले, ते लोकांना समजावतील. ते स्वतः चालत आमच्या दाराशी आले. बाबांनी त्यांना बसायला बाज दिली, पाणी दिले आणि चौकटीवरची चिठ्ठी दाखविली.

“हे मला लेखी मिळाले आहे,” बाबा म्हणाले. “ज्याच्या हाती राजाचे अभयपत्र आहे, तो वाटेतल्या शिपायाच्या पाया पडत नाही.”

हे वाक्य मला इतके भारी वाटले की मी ते मनात पुन्हा पुन्हा म्हटले. टोचणीवाल्यांनी वर पाहून चिठ्ठी वाचली. मग माझी बाही सरकवून दंडावरचा जुना वण पाहिला. “याले त टोचलेलं हाये, मास्तर. तवा नव्हतं काय वचन?”

“तेव्हा विश्वास कोवळा होता.”

“बरं. आन् हे अभयपत्र तुमच्या नावचं हाये का पोरीच्या?”

“घराच्या,” बाबा म्हणाले.

टोचणीवाल्यांनी रूथकडे पाहिले. ती बाजेखालून त्यांच्या पेटीकडे टक लावून बघत होती. त्यांनी पाण्याचा गडू उपडा ठेवला आणि ते गेले. आई दाराआडून बोलली, “टोचलं असतं त वचन काय मोडलं असतं?” बाबांनी तिला अविश्वासाविषयी सांगितले. बोलणे बराच वेळ चालले. आईने मध्येच चुलीकडे तोंड वळविले होते, हे त्यांना दिसले नाही.

त्यानंतर गाडा आला. आमच्याकडे रोगराईच्या वेळी गावकरी एक हातभर लांबीचा लाकडी गाडा करीत, त्यात हिरवा चुडा, नारळ, हळदकुंकू ठेवून वाजतगाजत शिवेपर्यंत ओढीत आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून मागे न पाहता परत जात. माता गेली, आता ती पुढच्या गावाची. एके सकाळी असा गाडा आमच्या प्रार्थनाघरामागच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा दिसला. हिरव्या बांगड्यांवर ऊन चमकत होते. त्याला कोणी हात लावायला तयार नव्हते; आपल्या गावानेही तो रातोरात पुढे ढकलावा, असे पाटलांच्या वाड्यात ठरत होते. बाबा सरळ गेले, त्यांनी तो गाडा उचलून घरी आणला आणि अंगणात कुऱ्हाडीने फोडला. सारा गाव कुडाच्या फटींतून पाहत होता. बाबा म्हणाले, “आमच्या दारावरून पुढच्या गावाला धाडावे असे काही या गाड्यात नाही.”

आईने त्या लाकडावर स्वयंपाक करण्यास साफ नकार दिला. “मी मातेले मानत नाही,” ती म्हणाली. “पन दुसऱ्याच्या भेवाचं सरपन करून मी भाकर भाजनार नाही.” तेव्हा बाबांनी ते न्हाणीतल्या चुलाण्यात घातले. ओल्या लाकडाचा तो पिवळट धूर दुपारपर्यंत आमच्या अंगणातून हलला नाही.

रूथला ताप आला तो पुढच्याच आठवड्यात. पहिले दोन दिवस बाबा म्हणाले की ऊन लागले. मग तिच्या कपाळावर, मनगटांवर ते बारीक लाल दाणे दिसले आणि उन्हाचे कारण गळून पडले. आमचे दार ओस पडले. पार्वताबाई कुडावरून ताक ठेवून जाई. बाकी गावाने, मातेचा गाडा फोडला त्याचे हे फळ, असे ठरविले. टोचणीवाले चावडीत म्हणाले, सुई नाकारली त्याचे हे फळ. रोगापुरते बोलायचे तर त्यांचेच म्हणणे खरे होते, आणि माझ्या नातवंडांना टोचून घेण्यासाठी मी स्वतः रांगेत उभा राहिलो आहे हे येथे नमूद करतो. परंतु त्या गावात न टोचलेली लेकरे पन्नास होती आणि फोड आले ते आमच्या रूथला. हे का, याचे उत्तर कोणाच्या पेटीत नव्हते.

आत यायचा तो एकटा रहमानचाचा. त्याला लहानपणीच देवी येऊन गेल्या होत्या. त्याच्या तोंडावरचे ते खड्डे त्या रोगाचेच. “मले आता माता ओळखते,” तो आईला म्हणाला, “दुबारा नाही पुसत. भाभी, पानी किधर ठेवू?” तो विहिरीवरून कावड आणी, लाकडे फोडी आणि मग रूथच्या बाजेजवळ जमिनीवर बसून उरलेल्या बोटांनी कडुलिंबाची डहाळी हलवीत राही. ती डहाळी त्याने आणली की आईने, हे मी पाहिले नाही. पण एके दिवशी तशीच एक डहाळी चौकटीवर, वचनाच्या अगदी खाली, खोचलेली दिसली. बाबा दारात थांबले. त्यांनी डहाळीकडे पाहिले, चिठ्ठीकडे पाहिले आणि वाकून आत गेले.

त्याच संध्याकाळी माझ्या ध्यानात आले की फोडणीचा आवाज बंद झाला आहे. माता ज्या घरात आहे तेथे चुलीवर तेल तडतडू द्यायचे नाही, ही गावाची रीत. आमच्या घराने ती कधी मानली नव्हती. आईने न बोलता ती पाळली होती. बाबांपुढे बिनफोडणीचे पांढरट वरण आले. त्यांनी भाकर कुस्करली आणि ते शेवटपर्यंत खाल्ले.

मी त्या दिवसांत माझा पहिला अर्ज केला. तो कागदावर नव्हता. पहाटे विहिरीच्या काठी, थारोळ्याच्या दगडावर उभे राहून मी तो देवापुढे तोंडी मांडला. मुलगी अज्ञान आहे. वडिलांनी हयातभर सेवा केली आहे. वचन आपलेच आहे व ते चौकटीवर लावलेले आहे. सबब रोगाचा अंमल उठविण्यात यावा. पुढे मी जे हजारो अर्ज लिहिले त्यांच्या तोडीचाच तो होता. त्यात एकही कारण कच्चे नव्हते. मी वाट पाहिली. विहिरीत कोठेतरी एक ढेकूळ सुटून पाण्यात पडले. त्या अर्जाची पोच मला मिळाली नाही.

फोड पिकले, डोळ्यांच्या पापण्या सुजून मिटल्या, तेव्हा लूकसकाका आले. ते उंबरठ्याबाहेरच थांबले, नाकाला उपरण्याचे टोक लावून. त्यांच्या मनात वैर नव्हते, हे मी आज खात्रीने सांगू शकतो. वैरी मनुष्य इतका अवघडून उभा राहत नाही.

“मास्तर,” ते म्हणाले, “मंडळीत बोलनं चालू हाये. तुमच्या मनात काई दडलेलं असन त मोकळं करून टाका. देवापुढं.”

“काय दडलेलं?”

“ते मले कसं माहीत? पन कारनाशिवाय तो हात उचलत नाही.” लूकसकाका थांबले. “तुमीच सांगतलं होतं मले. माही बायको गेली तवा.”

बाबांनी चौकटीचे लाकूड धरले.

“मले तवा बरं वाटलं होतं का वाईट, आता ध्यानात नाही,” लूकसकाका म्हणाले. “पन तुमी आलते. म्हनून मीबी आलो.” त्यांनी उपरणे खाली घेतले, चौकटीवरची चिठ्ठी वाचली आणि ते अंगणातून निघून गेले.

त्या दुपारी बाबांनी आम्हांस एकत्र बसविले. रूथ बाजेवर कण्हत होती. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते पुस्तकी भाषेत म्हणाले की या घरात कोठेतरी अपराध आहे, तो शोधला पाहिजे, प्रत्येकाने आपापला सांगावा. त्यांनी आपले स्वतःचे सांगितले. एकदा काट्यावर मन विचलित झाले होते ते, आपल्या भावाशी अबोला धरला होता तो. मी माझे दोन-चार सांगितले. मग त्यांनी आईकडे पाहिले.

आई उठून उभी राहिली. “पहिले तिचं सांगा,” ती बाजेकडे बोट दाखवून म्हणाली. “सहा वर्साच्या पोरीनं काय केलं ते सांगा मले. मंग मी माहं सांगतो.”

“सलोमी, त्याचे मार्ग...”

“त्याचे मार्ग तुमाले ठाव नाहीत आन् मलेबी नाहीत. पन तुमी त्याले चौकटीले बांधून ठेवलं. चिठ्ठी चिटकवली का झालं! देव काय आपल्या गोठ्यातला बैल हाये? तुमी म्हनान तथी उभा राहाले?”

आमच्या घरात बाबांना असे कोणी कधी बोलले नव्हते. रहमानचाचाने डहाळी हलविणे थांबविले आणि मान खाली घातली. बाबांनी ट्रंकेवरचे पुस्तक उचलून माझ्या हाती दिले. त्यांचा चष्मा बाजूलाच पडला होता. तो त्यांनी घेतला नाही. “ईयोब काढ,” ते म्हणाले. “शेवटचे. वावटळीतून बोलतो ते.”

ईयोबाची हकिकत आमच्या वाचकांना ठाऊक असेलच. नसल्यास इतकेच की, एका भल्या मनुष्याचे सर्व काही जाते, मित्र येऊन त्याला कारणे सांगतात, तो देवाकडे कारण मागतो, आणि देव अखेर बोलतो तेव्हा एकही कारण सांगत नाही. तो विचारतो. पृथ्वीचा पाया घालत होतो तेव्हा तू कोठे होतास? समुद्राला दारे कोणी लावली? दहिवराचा बाप कोण? मी हे भाग पूर्वी अनेकदा वाचले होते, आणि माझा आवाज त्यांत विशेष शोभतो अशी माझी समजूत होती. त्या दुपारी बाहेर झळा उठत होत्या, लांबची डफडी चालूच होती, आणि एकामागून एक येणाऱ्या त्या प्रश्नांनी आमची ती एवढीशी खोली भरत चालली. माझा आवाज मला परका वाटू लागला. असे वाटले की मी वाचीत नाही, कोणीतरी आमच्या घराच्या भिंती बाहेरून हाताने चाचपून पाहत आहे. मी शहामृगीपर्यंत आलो. ती आपली अंडी धुळीत टाकून जाते, कारण देवाने तिला अक्कल दिलेली नाही, असे तेथे आहे.

बाजेवरून सुजलेल्या ओठांतून शब्द आले. “काहून नाही देल्ली?”

आम्ही सर्व दचकलो. कित्येक दिवसांत ती बोलली नव्हती. बाबा तिच्यावर वाकले. त्यांचे तोंड उघडले. उत्तर द्यायला ते उघडते तसेच. आणि मग मी पाहिले की त्यांनी आपला उजवा हात उचलून स्वतःच्या तोंडावर ठेवला. त्याच पुस्तकात पुढे ईयोब हेच करतो. त्या दुपारी मी अजून तेथपर्यंत आलो नव्हतो.

रूथ वाचली. उन्हाळा ऐन भरात आला तेव्हा खपल्या गळाल्या आणि आईने तिला हळदीच्या कोमट पाण्याने न्हाऊ घातले. तिच्या डोळ्यांवर मात्र शिजलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा पडदा आला होता. ती काही दिवस ‘उजाडू द्या, उजाडू द्या’ म्हणत असे. यवतमाळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बत्ती धरून पाहिले आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

तेथून परत आल्यावरच्या पहिल्या रविवारी प्रार्थनाघर कधी नव्हे इतके भरले. गावातली इतर माणसेही खिडक्यांशी उभी होती. रहमानचाचा दाराशी, चपला हातात घेऊन. सर्वांना एकच ऐकायचे होते. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुःखाची कारणे सांगितली, तो स्वतःचे काय सांगतो? मीही ऐकायला बसलो होतो. खरे सांगायचे तर बाबांना सुचले नाही तर उपयोगी पडावी म्हणून दोन-तीन चांगली कारणे मी मनाशी जुळवून ठेवली होती. आई रूथला घेऊन पुढच्या सतरंजीवर बसली होती.

बाबांनी तोच भाग वाचला. वावटळ, समुद्राची दारे, शहामृगी. पुस्तक मिटले. ते उभे राहिले. लोक वाट पाहू लागले. कोठेतरी एक मूल खोकले आणि त्याला दाबले गेले. छपरातल्या घरट्यातून भिंगरी पाखराचा आवाज येत होता. अखेर लूकसकाका आपल्या जागेवरून हळूच म्हणाले, “मास्तर, अर्थ सांगा.”

बाबांनी त्यांच्याकडे पाहिले. ते लूकसकाकांकडे फार वेळ पाहत राहिले. मग सर्वांसमोर त्यांनी आपला हात उचलून तोंडावर ठेवला, आणि तसेच उभे राहिले.

मला त्या क्षणी अतिशय लाज वाटली. वाटले, बाप हरला. आज मी त्यांच्या त्या वयाच्याही पुढे गेलो आहे. माझ्या मेजावर रोज माणसे ‘कारण की’ च्या पुढचे मागायला येतात आणि मी ते देतो, कारण त्याशिवाय कचेरी हलत नाही. पण एखादी बाई तरणा पोरगा गमावून येते, मदतीचा अर्ज लिहून होतो, आणि ती उठता उठता मला विचारते, “भाऊ, माह्याच पोराले काहून नेलं असन?” तेव्हा माझी लेखणी आपोआप खाली जाते आणि हात कोठे जातो ते मला ठाऊक आहे.

त्या दिवशी शांतता इतकी लांबली की ती सर्वांत आधी जिला असह्य झाली ती रूथ. तिला तो हात दिसत नव्हता. तिच्यापुरते, बाबांचा आवाज थांबला म्हणजे बाबा तेथे नव्हते. ती आईच्या मांडीवरून उतरली, दोन्ही हात पुढे करून हवेत चाचपू लागली, आणि भरल्या मंडळीत तिचा घाबरलेला आवाज उठला. तिने ‘काहून’ विचारले नाही.

“बाबा? बाबा, तुमी कुठी हा?”

बाबांचा हात तोंडावरून खाली आला. ते खाली उतरून तिच्या दिशेने गेले, आणि त्या प्रार्थनाघरात जी बोली त्यांनी कधी तोंडातून निघू दिली नव्हती, त्या बोलीत म्हणाले, “इथंच हाव, बेटी. मी इथंच हाव.”

तिच्या बोटांना त्यांचे धोतर लागले. तिने ते मुठीत धरले. उपासना तेथेच संपली.